लॉगिनचे पान कुणाला दिसावे?

इंटरनेटवर नव्याने उभ्या केलेल्या लिनक्स सर्व्हरची ॲक्सेस लॉग फाइल उघडून पाहिली, तर एक गोष्ट हमखास दिसते. संकेतस्थळाचा गाजावाजा झालेला नसतो, पत्ता कुणाला कळवलेलाही नसतो. तरी अनोळखी ठिकाणांहून आलेल्या विनंत्यांच्या ओळी त्या फाइलीत साचू लागलेल्या असतात. त्यांतल्या कित्येक ओळींत ‘पीएचपीमायॲडमिन’, ‘पीएमए’, ‘मायॲडमिन’, ‘डीबीॲडमिन’ अशी नावे एकामागून एक विचारलेली असतात. हे माणसाचे काम नसते. जगभरचे आयपी पत्ते रात्रंदिवस चाळत राहणारे प्रोग्रॅम ते करतात. त्या सर्व्हरवर पतसंस्थेचा हिशोब आहे की शाळेची हजेरी, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. डेटाबेस हाताळण्याचे पान कुठे उघडे सापडते का, एवढेच ते पाहतात. म्हणून डेटाबेस-व्यवस्थापनाचे साधन लिनक्सवर बसवताना पासवर्ड किती अवघड ठेवायचा हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो. पहिला प्रश्न असा की, लॉगिनचे पान मुळात कुणाला दिसावे? आणि त्याचे एकच बरोबर उत्तर आहे: ज्याचे तिथे काम आहे त्याच्याखेरीज कुणालाही नाही. हे उत्तर का बरोबर आहे आणि ते प्रत्यक्षात कसे उतरवायचे, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

उदाहरणासाठी पीएचपीमायॲडमिन घेऊ, कारण लिनक्सवर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी चालवणाऱ्यांच्या हाती बहुधा हेच साधन आधी पडते. मायएसक्यूएल १९९५ मध्ये आले तेव्हा त्याच्याशी व्यवहार करायचा तर टर्मिनलमध्ये एसक्यूएलच्या ओळी टाइप कराव्या लागत. तेच काम ब्राउझरमधून करता यावे म्हणून टोबियास राटशिलर यांनी १९९८ मध्ये पीएचपी भाषेत हा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि २००१ पासून इतर प्रोग्रॅमरांनी तो मुक्त प्रकल्प म्हणून पुढे नेला. टेबल तयार करणे, चुकलेली नोंद दुरुस्त करणे, हजारो ओळींची फाइल एका फटक्यात आत घेणे, सगळ्या डेटाबेसचा बॅकअप एका क्लिकवर उतरवून घेणे ही कामे त्यामुळे एसक्यूएल पाठ नसलेल्यालाही जमू लागली. हा उपकार लहान नाही. मात्र ही यादी हल्लेखोराच्या नजरेने पुन्हा वाचून पाहावी. नोंदी बदलणे, टेबल उडवणे, सगळा डेटा एका क्लिकवर घेऊन जाणे: त्यालाही नेमके हेच हवे असते. दुकानाचे गिऱ्हाइकांसाठीचे दार रस्त्यावर असावेच लागते. मालाच्या कोठाराचे दार मात्र रस्त्यावर उघडण्याचे काही कारण नसते. संकेतस्थळ हे पहिले दार, आणि व्यवस्थापनाचे साधन हे दुसरे.

आता ते बसवताना काय होते ते जवळून पाहू. डेबियन किंवा उबुंटूवर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ची एक ओळ पुरते. पॅकेजांची यादी डिजिटल सहीने तपासली जाते, हा या वाटेचा मोठा फायदा. सप्टेंबर २०१२ मध्ये सोर्सफोर्जच्या कोरियातील एका मिरर सर्व्हरवर पीएचपीमायॲडमिनची झिप फाइलच बदलली गेली होती. आत एक जादा पीएचपी फाइल घुसडलेली होती, आणि तिच्यातून हल्लेखोराला त्या यंत्रावर हवा तो कोड चालवता येत होता. सुमारे ४०० जणांनी ती झिप उतरवून घेतली. सही न तपासता मिळेल तिथून झिप आणण्याची किंमत ही अशी असते. ॲप्टच्या वाटेने गेल्यावर दोन प्रश्न समोर येतात. पहिला प्रश्न वेब सर्व्हर कोणता, हा. इथे अपाचीच्या नावावर नुसता एंटर मारून चालत नाही; स्पेसबार दाबून त्याच्यापुढे खूण करावी लागते. ती राहिली तर सगळे बसते, पण पान उघडत नाही, आणि नवशिक्यांचा वेळ यातच जातो. दुसरा प्रश्न साधनाच्या स्वतःच्या छोट्या डेटाबेसविषयीचा. त्याला ‘हो’ म्हणावे. पाच-दहा मिनिटांत लॉगिनचे पान दिसू लागते आणि काम झाले असे वाटते. मेख मात्र इथेच आहे. पॅकेजने आपली कॉन्फिगरेशन फाइल अपाचीच्या सामाईक भागात जोडलेली असते. त्यामुळे ‘पीएचपीमायॲडमिन’ हा पत्ता त्या सर्व्हरवरच्या एका संकेतस्थळापुरता राहत नाही. एका यंत्रावर दहा ग्राहकांची दहा संकेतस्थळे असतील, तर दहाही नावांपुढे हा शब्द लिहिताच तेच लॉगिन उघडते. तसे कुणी ठरवलेले नसते. ते आपोआप होऊन बसते.

याच्या उलट, खुद्द डेटाबेस स्वतःला कसा आवरून बसलेला असतो ते पाहण्याजोगे आहे. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजांत मायएसक्यूएल फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच यंत्रावरून आलेल्या जोडण्या ऐकतो. त्याचा ३३०६ हा पोर्ट बाहेरून पोहोचण्याजोगा नसतो. शिवाय मायएसक्यूएलमध्ये खाते म्हणजे केवळ नाव नव्हे, तर नाव आणि ठिकाण यांची जोडी असते. ‘रूट, लोकलहोस्टवरून’ हे एक खाते, आणि तेच नाव दुसऱ्या यंत्रावरून आले तर ते वेगळे खाते. म्हणून रूटचे खाते लोकलहोस्टपुरते ठेवले की बाहेरच्याला पासवर्ड कळूनही उपयोग होत नाही. ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. पण पीएचपीमायॲडमिन त्याच यंत्रावर चालते, त्यामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने ब्राउझरमधून टाकलेला पासवर्डही डेटाबेसला ‘लोकलहोस्टवरून’ आलेला दिसतो. ठिकाणाची सगळी अट एका फटक्यात निरर्थक होते. उबुंटूवर रूटच्या बाबतीत आणखी एक सोय असते: त्याला पासवर्डच नसतो, लिनक्समधला रूट वापरकर्ता टर्मिनलवरून आला तरच डेटाबेस त्याला ओळखतो. मग पीएचपीमायॲडमिनमधून रूटने लॉगिन होत नाही, आणि ‘रूटला पासवर्ड देऊन टाका’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो मानणे म्हणजे चांगली तटबंदी आपल्या हाताने पाडणे. त्याऐवजी टर्मिनलवरून एक वेगळे खाते काढावे आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, पासवर्ड लांबलचक ठेवला आणि जोडीला मोबाइलवरचा दुसरा कोड लावला, तर पान दिसले म्हणून काय बिघडले? पीएचपीमायॲडमिनमध्ये ४.८.० आवृत्तीपासून अशी दुहेरी तपासणी आहे आणि ती वापरावीच. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की हल्ला लॉगिनच्या रांगेतूनच येईल. इतिहास तसे सांगत नाही. २००९ मध्ये या साधनाच्या सेटअपच्या पानात दोष सापडला. लॉगिन न करताच कुणालाही कॉन्फिगरेशन फाइलीत स्वतःचा पीएचपी कोड घालता येत होता. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पीएचपीमायॲडमिनमध्ये ‘कोणत्याही सर्व्हरला जोडा’ अशी मुभा देणारी एक सेटिंग आहे. ती मुळात बंद असते, पण सोयीसाठी पुष्कळजण सुरू करतात. ती सुरू असली की हल्लेखोर त्या लॉगिनच्या पानावर स्वतःच्या यंत्राचा पत्ता टाकतो, जिथे त्याने मायएसक्यूएलचे सोंग घेणारा सर्व्हर मांडून ठेवलेला असतो. खाते त्याचे, पासवर्ड त्याचा, म्हणून लॉगिन अर्थातच यशस्वी होते. मायएसक्यूएलच्या संभाषणाच्या नियमांत सर्व्हरला क्लायंटकडून एखादी फाइल मागण्याची सोय आहे. इथे क्लायंट म्हणजे आपले पीएचपीमायॲडमिन. बनावट सर्व्हर फाइल मागतो, आणि आपलेच यंत्र ती मुकाट्याने पाठवून देते. संकेतस्थळाच्या कॉन्फिगरेशन फाइलीतले पासवर्डही त्यातून जाऊ शकतात. हा दोष जानेवारी २०१९ मध्ये ४.८.५ आवृत्तीत दुरुस्त झाला. ॲडमिनर या एका फाइलीच्या लोकप्रिय साधनातही ४.६.२ पर्यंत हीच वाट खुली होती. आपला पासवर्ड चाळीस अक्षरांचा असता तरी या हल्ल्यात तो कुणी विचारलाच नसता.

दुसरा आक्षेप अपडेटचा: दोष दुरुस्त होतात, मग वेळच्या वेळी अपडेट करावे. करावेच. तरी दोष कुणाला तरी आधी कळतो, दुरुस्ती नंतर येते आणि आपल्या यंत्रावर ती त्याहून उशिरा पोहोचते. उबुंटूमध्ये हे पॅकेज ‘युनिव्हर्स’ या स्वयंसेवकांनी सांभाळायच्या विभागात आहे, त्यामुळे नेहमीचा अपग्रेड चालवला म्हणजे प्रत्येक दुरुस्ती लगेच मिळाली असे धरून चालता येत नाही. त्या मधल्या दिवसांत पान जगाला दिसत असेल तर आपण केवळ नशिबावर विसंबलेलो असतो; दिसत नसेल तर तोच दोष निवांतपणे दुरुस्त करता येतो. काहीजण पत्त्याचे नाव बदलून मोकळे होतात. त्याने लॉगमधली वर्दळ कमी होते, एवढा उपयोग खरा. पण व्यवस्थापनासाठी वेगळे उपनाव घेऊन त्याला एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र काढले, की ते नाव प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत छापले जाते आणि कुणालाही वाचता येते.

तिसरा आक्षेप फायरवॉलचा. ‘यूएफडब्ल्यू लावले आहे, काळजी कशाची?’ असे म्हणणाऱ्याने दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे संकेतस्थळासाठी ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे ठेवावेच लागतात, आणि पीएचपीमायॲडमिन त्याच पोर्टांवरून बाहेर येते. फायरवॉलला संकेतस्थळ आणि लॉगिनचे पान यांत फरक दिसत नाही. दुसरी गोष्ट डॉकरची. हे साधन डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवले आणि ८०८० असा पोर्ट बाहेर काढला, तर डॉकर लिनक्सच्या पॅकेट-नियमांत स्वतःचे नियम लिहितो आणि बाहेरून आलेली वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून थेट कंटेनरपर्यंत पोहोचते. यूएफडब्ल्यूची यादी ‘८०८० बंद’ असे सांगत असते, आणि प्रत्यक्षात तो उघडा असतो. उपाय साधा आहे: पोर्टाच्या आकड्याआधी १२७.०.०.१ लिहावे, म्हणजे कंटेनर त्याच यंत्रापुरता ऐकतो. पण हा उपाय सुचायला प्रश्न बरोबर पडावा लागतो. ‘काय अडवायचे?’ असे विचारले की अडवायचे काहीतरी राहून जाते. ‘कुठे ऐकायचे?’ असे विचारले की अडवण्याची वेळच येत नाही.

अपाचीवर हाच विचार असा उतरतो. आधी ‘ए२डिसकॉन्फ’ या आज्ञेने पॅकेजची सामाईक जोडणी काढून टाकावी. सगळ्या संकेतस्थळांवरून ते पान तत्काळ नाहीसे होते. मग फक्त १२७.०.०.१ वर, समजा ८०८१ या पोर्टवर ऐकणारा एक वेगळा व्हर्च्युअल होस्ट तयार करावा आणि पॅकेजची कॉन्फिगरेशन फाइल तेवढ्या होस्टच्या आत जोडावी. अपाची पुन्हा सुरू केल्यावर ‘एसएस’ या आज्ञेने कोणता पोर्ट कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे ते पाहावे. ८०८१ च्या आधी १२७.०.०.१ दिसले तर ठीक. तारांकन किंवा ०.०.०.० दिसले तर तो पोर्ट सगळ्या जगासाठी ऐकतो आहे. याहून सोपा मार्ग म्हणून ‘रिक्वायर लोकल’ ही एक ओळ सुचवली जाते, आणि एकट्या अपाचीपुरती ती ठीकही आहे. पण पुढे त्याच यंत्रावर एन्जिनएक्स बसवून सगळी वाहतूक त्याच्यामार्फत अपाचीकडे पाठवली, की अपाचीला प्रत्येक विनंती त्याच यंत्रावरून आलेली दिसू शकते, आणि ती ओळ सगळ्यांनाच आत घेते. वेगळा पोर्ट असला की असा बदल नकळत होत नाही. आता हे पान गाठायचे कसे? आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने सर्व्हरशी जोडणी करताना ‘-एल’ हा पर्याय वापरून लॅपटॉपचा एक पोर्ट सर्व्हरच्या आतल्या ८०८१ शी जोडावा; यालाच एसएसएच टनेल म्हणतात. मग आपल्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता उघडला की सर्व्हरवरचे लॉगिन दिसते. सगळी वाहतूक एसएसएचच्या सांकेतिक आवरणातून जाते, त्यामुळे पासवर्ड वाटेत उघडा पडत नाही.

चौथा आक्षेप या सगळ्यांत वजनदार आहे: एसएसएच हेसुद्धा दारच आहे, आणि त्यालाही दोष चिकटतात. हे खरे आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. त्याचा रोख काही लिनक्स प्रणालींवरच्या एसएसएच सर्व्हरवर होता. तो उघडकीला आणला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणाऱ्या या प्रोग्रॅमरला एसएसएचच्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला आणि त्यांनी तो सोडला नाही. या घटनेतून एसएसएच टाकाऊ ठरत नाही. दारे मोजकी का असावीत हे ठरते. सर्व्हर चालवायचा तर एसएसएच लागतेच. ते राखणे, पासवर्डऐवजी किल्ल्यांच्या फाइलींनीच प्रवेश देणे आणि त्याच्या दुरुस्त्यांवर लक्ष ठेवणे हे काम कुणालाच चुकत नाही. जगभरच्या अनेक तज्ज्ञांची नजर ज्याच्यावर आहे असे एक दार राखणे, आणि त्याच्या जोडीला डेटाबेसचे दुसरे दार उघडून तेही राखणे, यांत कमी धोक्याचे कोणते, हे उघड आहे. टनेलने सगळे धोके जात नाहीत, हेही सांगायला हवे. २०१७ मध्ये पीएचपीमायॲडमिनच्या ४.७.७ पूर्वीच्या आवृत्त्यांत असा दोष निघाला की, लॉगिन केलेल्या माणसाने फसव्या लिंकवर क्लिक केले तर त्याच्याच ब्राउझरकडून टेबल पुसून घेता येत होते. अशा हल्ल्याला टनेल अडवत नाही. म्हणून काम संपताच लॉगआउट करावे, आणि व्यवस्थापनासाठी ब्राउझरचे वेगळे प्रोफाइल ठेवावे.

इथेच अधिकारांचा मुद्दा येतो. कोठारात शिरलेल्या माणसाला, मग तो बाहेरचा असो की आपल्याच कार्यालयातला, किती नुकसान करता येईल हे खात्याला दिलेल्या अधिकारांवर ठरते. रोजच्या कामासाठी एका डेटाबेसपुरते वाचणे, लिहिणे आणि बदलणे एवढे पुरते. मायएसक्यूएलमधला ‘फाइल’ हा अधिकार तर कुणालाही सहज देऊ नये. त्याच्या जोरावर एखाद्या प्रश्नाचे उत्तर सर्व्हरच्या डिस्कवर फाइल म्हणून लिहिता येते. ती फाइल संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये पडली आणि तिच्यात पीएचपीचा कोड असला, तर डेटाबेसमधली घुसखोरी सगळ्या यंत्रावरच्या ताब्यात बदलते. ‘सिक्युअर फाइल प्रिव्ह’ या सेटिंगने लिहिण्याची जागा एका फोल्डरपुरती मर्यादित होते; मायएसक्यूएलच्या पॅकेजात ती बांधलेली असते, मारियाडीबीत मात्र ती मुळात मोकळी असते आणि आपण बांधून घ्यावी लागते. पीएचपीमायॲडमिनच्या कॉन्फिगरेशनमध्ये रूटला लॉगिनच नाकारण्याची सोय आहे, तीही वापरावी.

शेवटचा आक्षेप सोयीचा असतो: पाच जणांनी वेगवेगळ्या गावांतून काम करायचे, प्रत्येकाला टनेल कोण शिकवणार? ही अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर पान जगाला उघडे करणे हे नाही. पाच जणांसाठी वायरगार्डसारखे खासगी जाळे बांधता येते. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आलेले आहे. एकदा मांडणी केली की वापरणाऱ्याला एक बटण दाबायचे असते. सोयीचा आणि सुरक्षिततेचा हा तोल डेटाबेस बनवणारेही अनुभवातून शिकले आहेत. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर पासवर्डाविना उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि डेटा परत देण्याच्या नावाखाली बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी सर्वत्र मुळात लोकलहोस्टवरच ऐकू लागला. उघडे ठेवायचे असेल तर मालकाने ते जाणीवपूर्वक ठेवावे, ही भूमिका त्यांनी घेतली. व्यवस्थापनाच्या साधनाबाबत तीच भूमिका आपल्यालाही घ्यायला हवी, कारण धोका आपला एकट्याचा नसतो. दवाखान्यातल्या रुग्णांनी, पतसंस्थेच्या खातेदारांनी, शाळेतल्या मुलांच्या पालकांनी आपली माहिती दिलेली असते. ती कोणत्या पोर्टवर कुणाला दिसते हे त्यांना कुणी विचारलेले नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वाजवी सुरक्षा-उपाय न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पण दंड नसता तरी ही जबाबदारी टळली नसती.

म्हणून साधन बसवून झाल्यावर एक चाचणी करावी, आणि ती सर्व्हरच्या आतून नव्हे तर बाहेरून करावी. कार्यालयाचे वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक संकेतस्थळाच्या नावापुढे, आणि नुसत्या आयपी पत्त्यापुढेही, साधनाचा पत्ता टाकून पाहावा. पान सापडले नाही असे उत्तर सगळीकडून यायला हवे. एकाही ठिकाणी लॉगिनची चौकट दिसली, तर पासवर्ड कितीही चांगला असो, बसवण्याचे काम अर्धेच झाले आहे. प्रत्येक अपग्रेडनंतर, नवे संकेतस्थळ जोडल्यावर आणि पॅकेज पुन्हा कॉन्फिगर केल्यावर ही चाचणी नव्याने करावी, कारण आपोआप उघडलेले दार आपोआप बंद होत नाही.